पट्टीखालच्या ओळी

भाचीचा, वैशालीचा, पुण्याहून फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या घरी जेवून नुकताच आडवा झालो होतो. "मामा, बाबा गेले," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "दार आतून बंद होतं का?" मेहुण्याच्या मरणाची बातमी ऐकून कोणी असं विचारतं का? पण माझी सगळी नोकरी बसगाड्या मध्येच थांबवून प्रवाशांची तिकिटं तपासण्यात गेली. समोरचा माणूस जे सांगतो आहे त्याच्यामागे दुसरंच काहीतरी आहे, हे मी आधी धरूनच चालतो. बायको म्हणते, तुम्ही देवळातला प्रसादही वास घेऊन खाता. आणि दाजींच्या त्या बंद दाराबद्दल तर माझ्या मनात फार दिवसांपासून होतंच.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. जळगावात त्यांचं मॅचिंग सेंटर. ब्लाउजपीस, अस्तर, साडीचे फॉल. गिऱ्हाईक साडी घेऊन आलं की दाजी कापडाचा तागा आणि साडी दोन्ही उचलून दुकानाच्या पायरीवर न्यायचे, उन्हात. ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. बाई "चालेल" म्हणायची, आणि हे कापडाऐवजी तिच्याकडेच बघत राहायचे. मग काही न बोलता तागा गुंडाळून दुसरा काढायचे. "हो म्हणाली होती ना ती?" मी एकदा विचारलं. "म्हणाली. पण आवडलं नव्हतं तिला," दाजी म्हणाले. मला ही धंद्यातली चलाखी वाटली. अजूनही थोडी वाटते.

दाजी मुळात कमी बोलणारे, कारण घरातलं सगळं बोलणं अक्काकडे होतं. शहरात एवढी वर्षं काढूनही तिच्या अहिराणीला शहराचा वारा लागला नव्हता. मी चपला काढायच्या आत आतून आवाज यायचा, "काय रे भाऊ, कव्हय उना? जेवना का?" आणि उत्तराची वाट न बघता ती ताट वाढायला घ्यायची. भाजीवालीशी, शेजारच्या सुमनबाईशी, टीव्हीवरच्या मालिकेतल्या दुष्ट सासूशीसुद्धा ती बोलायची. मग तिला लकवा झाला. उजवा हात थोडा गेला आणि बोलणं पूर्ण गेलं. डॉक्टर म्हणाले, नुसतं बोलणंच नाही, दुसऱ्याचं बोललेलंही आता त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आवाज ऐकू येईल, शब्द ओळखू येणार नाहीत. वाचणंही गेलं. भेटायला येणारे लोक तिच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसे ओरडून बोलू लागले. ती थोडा वेळ त्यांच्या ओठांकडे बघायची, मग अनोळखी माणसाला हसतो तसं हसायची, आणि पुढे पुढे तेही हसेना. मालिका लावली की पदर तोंडावर घेऊन भिंतीकडे वळायची. मी दोनदा हे पाहिलं, आणि खरं सांगतो, तिसऱ्यांदा जायचं माझ्या जिवावर आलं.

अशात चोपड्याला एका लग्नात एक नातेवाईक मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमचे दाजी दुकान पुतण्यावर टाकून दुपारी दार लावून इंग्रजी पिक्चर पाहतात म्हणे." आमच्या पिढीत इंग्रजी पिक्चर म्हणजे सकाळचा शो, आणि बाहेर पडताना तोंडावर रुमाल. माझं डोकं फिरलं. दुपारी फोन उचलत नाहीत ते यासाठी? आणि त्याच घरात माझी बहीण, जिला काही खुपलं तरी सांगता येणार नाही. कोणाला न कळवता मी जळगावची बस धरली. अचानक तपासणी, जशी आयुष्यभर केली तशी.

कडी वाजवली. बराच वेळ कोणी येईना. मग दाजींनी दार उघडलं, "या, चेकरसाहेब," म्हणाले आणि लगबगीने परत जाऊन खुर्चीत बसले. शेजारच्या खुर्चीत अक्का. टीव्हीवर समुद्राकाठचं कुठलं तरी गाव, एक म्हातारा आणि एक म्हातारी दोरीवर मासे वाळत घालत होते. आणि टीव्हीच्या खालच्या भागावर, आडवी, साडीच्या फॉलची मोरपंखी पट्टी. दोन्ही टोकं मागे नेऊन घट्ट गाठ मारलेली. पट्टी कशासाठी? काय झाकलंय? मी पुढे होऊन ती वर सरकवली. खाली इंग्रजी ओळी होत्या, बोलण्याचा अर्थ सांगणाऱ्या, बाकी काही नाही. तेवढ्यात अक्काने डाव्या हाताने माझा हात झटकला. इतक्या जोरात तिने लहानपणीही कधी मारलं नव्हतं.

"कोणती भाषा आहे ही?" मी विचारलं.

"माले काय माहीत," दाजी म्हणाले. "बठ ना भाऊ. पिक्चर सरू दे."

बसलो. पिक्चरपेक्षा या दोघांवरच नजर ठेवून बसलो. म्हातारा रुसला की अक्काच्या कपाळावर आठी. म्हातारीने त्याच्या पुढ्यात ताट आपटलं तेव्हा दोघं एकदम हसली, एकाच क्षणी, कोणी कोणाकडे न बघता. अक्काचं हसणं मी फार दिवसांनी ऐकत होतो. तरीही मनात आलंच की दाजींनी हा पिक्चर आधी एकट्याने वाचून पाहिला असणार. दाजी चहा टाकायला उठले तेव्हा मी पट्टीची कड हळूच दुमडून दोन ओळी वाचल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांना विचारलं, "हे दोघं कोण आहेत?"

"नवरा-बायको," दाजी म्हणाले.

"भाऊ-बहीण आहेत. खाली लिहिलंय."

दाजी हातात गाळणी धरून थांबले. मग म्हणाले, "असतीन. भांडतंस ते तसंच." त्यांना ते खरंच माहीत नव्हतं. निदान तेवढं मला मान्य करावं लागलं.

निघताना ते मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. खिशातली बडीशेप माझ्या हातावर ठेवत, मी न विचारता बोलले, "मराठी लागनं का ती एकली पडस. हाई लागनं का आम्ही दोन्ही सारखा. मी खालनं वाचत बसनू ते मी पुढे निंघी जास... तुन्ही बहीन मांगे राही जास." एवढं बोलून ते दुकानाकडे वळले. बसमध्ये मी त्यावर धुळे येईपर्यंत विचार केला. पटलंही, आणि नाहीही. माणूस एवढं सरळ सांगतो तेव्हा मला जास्तच शंका येते. इंग्रजी धड वाचता येत नाही म्हणून झाकत असतील, असंही वाटून गेलं. पण नंतर मी जायला लागलो. कोरियातला एक पिक्चर पाहिला, एक बहुधा इराणातला. भाषा कळत नसली की माणूस हाताकडे बघतो, पाठीकडे बघतो, दार कोणी कसं लावलं ते बघतो. गाडीत चढून मी नेमकं हेच करायचो. तिकीट नसलेला माणूस बोलण्यातून कधी सापडला नाही, बसण्यातून सापडला.

तर दाजी गेले त्या दुपारी दार आतून बंद नव्हतं. सुमनबाईंनी सांगितलं, "अक्का मन्हा दारमा उन्यात. मन्हा हात धरा आन् वढत लई गयात. दाजी खुर्चीमाच व्हतात. टीव्ही चालूच व्हता." पिक्चर संपून नुसती नावं वर सरकत होती, असंही त्या म्हणाल्या. यावरून लोकांनी काय काढायचं ते काढलं. शेजारी नवरा गेला तरी ही शेवटपर्यंत पिक्चर बघत बसली, म्हणजे हिला कळलंच नाही. तेराव्यापर्यंत जो येई तो तिच्या कानाशी ओरडे. वैशालीही. "आई, बाबा गेले. बाबा!" अक्का तिच्या ओठांकडे बघायची आणि ते अनोळखी हसू हसायची. डोळ्यांत टिपूस नाही. "बरंच आहे, समजत नाही ते," एक बाई म्हणाली. तिला मी चहासुद्धा विचारला नाही.

वैशालीचं म्हणणं साधं होतं. आईला कळतच नाही तर ती कुठे राहिली तरी तिला सारखंच, मग पुण्याला माझ्याजवळ राहू दे. मुलगी चांगली आहे, तिच्या जागी तिचं बरोबरही आहे. पण तिच्या घरी दिवसभर माणसं बोलत असतात. मी महिनाभराची मुदत मागून घेतली आणि बायकोसह जळगावला येऊन राहिलो. परवा संध्याकाळी मी वैशालीला फोन करून सांगितलं, अक्काला सगळं कळलेलं आहे आणि ती इथेच राहील, आम्ही आहोत. "पुरावा काय?" तिने विचारलं. माझीच भाची.

पुरावा असा. परवा दुपारी मी टीव्ही लावला, दाजी लावायचे तसा, जो परका पिक्चर समोर येईल तो. खुर्च्या होत्या तिथेच होत्या. दाजींच्या खुर्चीत बसायचा धीर होईना, म्हणून मी स्टूल ओढलं. पट्टी साफसफाईत कोणीतरी काढून ठेवली होती. ती मला आठवलीही नाही, मी आपला ओळी वाचू लागलो. अक्का आतून आली. टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कपाट उघडून तो मोरपंखी फॉल काढला आणि एक टोक माझ्या हातात दिलं. एका हाताने गाठ तिला मारता येत नाही. मी मारली.

कुठलं तरी बर्फाचं गाव होतं. एक म्हातारी बाहेरून येते, खुंटीवरचा पुरुषाचा कोट काढते, झटकते, खिसे चाचपते. एका खिशात गोळी सापडते, कागदात गुंडाळलेली. ती गोळी सोलून तोंडात टाकते आणि कोट परत खुंटीला लावते. एवढंच. कोणी काही बोललं नाही, त्यामुळे पट्टीखालीही काही नसणार. मी शेजारी पाहिलं तर अक्काच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ती टीव्हीकडे बघत नव्हती... ती माझ्याकडे बघत होती. डोळे बारीक करून, नीट, मी आयुष्यभर प्रवाशांकडे बघत आलो तशी. मला कळलं की नाही, हे ती तपासत होती.

मी मान हलवली. तिने माझ्या मनगटावर डावा हात ठेवला आणि तोंड पुन्हा टीव्हीकडे केलं. पिक्चर अजून अर्धा बाकी होता.