नडगीवरची बोटभर जागा

फंक्शनल फिटनेस हा शब्द आमच्या अकॅडमीत मी आणला. त्याचं श्रेय दुसऱ्या कुणाला द्यायला मी तयार नाही, आणि दोषही.

सोलापुरात विजापूर रस्त्यालगत ही अकॅडमी. सैन्यभरतीच्या तयारीसाठी मुली इथे राहतात. आम्ही त्यांना कॅडेट म्हणतो, त्यांचे आईबाप गावात 'मिलिटरीत गेली' म्हणून सांगतात, आणि सैन्याला अजून त्यांची खबरही नसते. मी त्यांना व्यायाम शिकवणारी मॅडम.

पुण्याला आठ दिवसांचा कोर्स करून आले तेव्हा मला कोण आनंद झाला होता! नुसतं पळवून सैनिक घडत नाही. वाकणं, उचलणं, ओढणं, उडी मारून नीट उतरणं, अशी खऱ्या कामाला लागणारी ताकद अंगात यायला हवी आणि हाडांना विश्रांतीही मिळायला हवी, याला फंक्शनल फिटनेस म्हणतात, असं तिथे शिकवलं. मी वाळूची पोती भरून घेतली, ट्रॅक्टरचा जुना टायर आणला आणि अकॅडमीच्या मालकांना सांगितलं, आठवड्यातून तीन दिवस पळणं बंद, त्याऐवजी हे.

मालकांनी टायरचे फोटो काढून घेतले. चौकात बोर्ड लागला. मग म्हणाले, "मॅडम, भरतीत पोती उचलायला लावतात व्हय? पळायलाच लावतात की. पळणं बंद करायचं न्हाय. हे वरनं घ्या."

वरून घेतलं. पहाटे डांबरी रस्त्यावर पळणं होतं तसंच, आणि संध्याकाळी पोती. दुष्काळात तेरावा महिना. मुलींना भूक लागायची, पण वजन वाढेल या धास्तीने एका भाकरीवर उठायच्या. मी भांडायला हवं होतं. नोकरी जाईल म्हणून भांडले नाही, हे सरळच लिहिते.

त्या तुकडीत अक्कलकोटकडची एक मुलगी होती. घरी कानडी बोलायची, आमच्याशी मराठी, आणि पळताना कुणाशीच नाही. कायम सगळ्यांच्या पुढे. वयाच्या अटीत बसणारी ती तिची शेवटची भरती होती. निवड झाली नाही तर लग्न, हे घरी ठरलेलं होतं. भरतीला तीन आठवडे उरले असताना ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, हितं बोट ठेवलं की जीव जातोय बघा."

नडगीवर, खालच्या बाजूला, बोटभर जागा. मी दाबलं तर तिने पाय झटकन ओढून घेतला. सगळी नडगी दुखत असेल तर बहुधा स्नायू, एवढीशीच जागा दुखत असेल तर हाडाची शंका घ्यायची, हे मी कोर्सच्या वहीत लिहून घेतलं होतं. खाली रेघ मारून. पाळी वेळेवर येते का, असं मी विचारलं. ती हसली. "चार महिने झाले, आलीच न्हाय. बरंच हाय की मॅडम, कटकट गेली." मीही हसले. खाणं कमी, पळणं जास्त, मग पाळी थांबते आणि मग हाड जातं, हेसुद्धा त्याच वहीत होतं.

एक्स-रे काढला असता तर दीड-दोन महिने तिला पळू दिलं नसतं. तिची भरती गेली असती. आणि आमच्या बोर्डावर लागणारा निवड झालेल्या पहिल्या मुलीचा फोटोही गेला असता, हा विचार माझ्या डोक्यात आला. खोटं कशाला बोलू? मी तिला पट्टी गुंडाळून दिली आणि म्हणाले, "एवढे तीन आठवडे काढ. कुणाला सांगू नकोस."

तिने सांगितलं नाही. पळताना दात आवळायची, ते मला दिसायचं. मी दुसरीकडे बघायचे. कळतं पण वळत नाही म्हणतात, पण माझं तसंही नव्हतं. मी वळूच दिलं नाही.

भरतीच्या मैदानावर आम्हाला आत सोडत नाहीत. तिसऱ्या फेरीपर्यंत ती पुढे होती, असं बाकीच्या मुलींनी सांगितलं. मग मटकन खाली बसली, उठली आणि पाय टेकताच पुन्हा कोसळली. दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. हाड मोडलं होतं. "हे आधीपासून दुखत असणार. किती दिवस झाले?" त्यांनी तिला विचारलं. मी पलंगाशेजारीच उभी होते. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आजच, सर," म्हणाली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि एवढी लाज वाटूनही माझं तोंड उघडलं नाही.

प्लास्टर निघायच्या आत तिचं लग्न ठरलं.

यंदा तिची आई अकॅडमीत आली. मला वाटलं, आता बोलणार. बोलावं, चार शिव्या घालाव्यात, असं मलाच वाटत होतं. तिने पिशवीतून शेंगापोळ्यांचा डबा काढून माझ्या हातात दिला. सोबत धाकटी मुलगी होती.

"थोरलीचं नशीब नव्हतं, मॅडम. तुमी लई केलं तिच्यासाठी. आता हिला बघा. पाय दुखतोय, हे दुखतंय म्हणाली तर ऐकू नका."

मी त्या पोरीकडे वळले. नाव विचारावं, शिक्षण विचारावं, एवढंच मनात होतं. ती टाचा जुळवून ताठ उभी राहिली आणि माझ्या आधीच बोलली.

"मला कुटंच काय दुखत न्हाय, मॅडम. अक्कानं सांगितलंय, हितं असंच म्हणायचं."