सुलूला सांगितलेलं औषध

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतो — का, ते मलाही नीट कळत नाही.

सुलू माझी धाकटी बहीण. गोव्यातच, मये गावी राहायची, विधवा. तिच्या बाराव्याला लोक मला म्हणाले, "भाईनं बहिणीसाठी किती वाचलं!" वाचलं खरं. पेडण्यात बसून जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला दुसरं येतं काय?

छातीत गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया सांगितली. सुलू आधी देवळात गेली. आमच्याकडे देवाला प्रश्न विचारून मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात. उजवीकडची पडली की होकार. तिथून ती थेट माझ्याकडे आली.

"भाई, देवान उजवो प्रसाद दिलो. हांव कापून घेतां. मागीर थोडे दीस तुज्याकडे रावतां, चलता मरे?"

मी हसलो. "देव आतां डॉक्टर जालो काय गे?"

त्या हसण्यात विज्ञान होतं, असं वाटतं तुम्हाला? छे. शस्त्रक्रियेनंतर तिचं माझ्याकडे राहणं, तिचं ड्रेसिंग, औषधांचा वास, माझ्या पुस्तकांच्या खोलीत तिची खाट — मला नको होती. बस्स. एवढाच मी.

मग मी पेप्टाइड्सचा विषय काढला. बेडकाच्या कातडीत जंतूंना मारणारे प्रथिनांचे बारीक तुकडे असतात. त्यांतले काही कर्करोगाच्या पेशीचं आवरणही फोडतात. हे खरं आहे — प्रयोगशाळेतल्या बशीत. तिला देण्याजोगं औषध त्यातून झालेलं नव्हतं, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी सांगितलं : चाचणी सुरू होतेय, ओळखीच्या संशोधकाकडे तुझं नाव दिलंय, कापाकापी कशाला? कुठला संशोधक? कुठलं नाव? ज्या तोंडानं मुलांना पुरावा मागायला शिकवलं, त्याच तोंडानं.

तिनं देवाचं ऐकलं नाही. माझं ऐकलं. पावसाळा सरला, काजूला मोहर आला. फोनवर त्या औषधाचं विचारायची, "आयलें रे?" मी म्हणायचो, "येतलें." ती डॉक्टरांकडे परत गेली तोवर रोग फुप्फुसात पोचला होता. तेव्हा मी संशोधनाच्या संथपणाला शिव्या घातल्या — चारचौघांत, मोठ्यानं. भेकडाला शिव्या द्यायला नेहमी दुसरंच कुणीतरी सापडतं.

शेवटच्या दिवसांत मयेला गेलो. तिनं माझा हात धरला आणि त्या औषधाचंच बोलली.

"भाई, तें वखद आयलें जाल्यार माजो नंबर दुसऱ्या कोणाक दी. ल्हान भुरगीं-बाळां आशिल्ली बायल आसल्यार तिका."

"दितां," मी म्हणालो.