नवे शॉकअप, सोयगावचा रस्ता आणि भरलेली डिकी

मंगलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, अट घातली तेव्हा मी गाडीखाली होतो. बाहेर फक्त पाय. ती पायांशीच बोलली.

"आमच्या दत्ताच्या पोराच्या जावळाला तुमच्या गाडीतून येते. एकदाच. कंबर धरली तर गाडी विकायची आणि घरात शॉकअप हा शब्द काढायचा नाही."

तिच्या मणक्यातली एक गादी सरकलेली आहे. मागच्या खेपेला सोयगावला, तिच्या माहेरी, निघालो होतो. सिल्लोडचं बसस्टँड दिसलं तशी ती उतरली आणि उरलेला रस्ता एसटीनं गेली. तेव्हापासून माहेरची वारी एसटीनंच. मी कुठल्याही कॉलेजात न जाता ही हॅचबॅक नटबोल्टासकट शिकलेला माणूस, आणि माझी बायको कंडक्टरच्या शेजारी बसून माहेरी जाते. गल्लीत हे सगळ्यांना माहीत. कोणी बोलत नाही, हे जास्त लागतं.

म्हणून मी उंची आणि कडकपणा दोन्ही बदलता येणारे शॉकअप मागवले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यात खालच्या बाजूला आटे पाडलेले असतात आणि त्यावर एक रिंग असते. रिंग वर चढवली की गाडी उचलते, खाली आणली की बसते. शॉकअपच्या टोकाला एक बटण असतं, ते खटक्याखटक्यानं फिरतं. एका बाजूला कडक, दुसऱ्या बाजूला मऊ. रेसवाल्यांसाठी नाही, रोजच्या वापरासाठीचा संच घ्या. किंमत विचाराल तर एका चांगल्या फ्रीजएवढी, आणि फ्रीज जुनाच आहे हे घरात ऐकून घ्यावं लागतं ते वेगळं. बसवल्यावर चाकांचं अलाइनमेंट करायलाच हवं. तो खर्च लोक विसरतात आणि मग टायर एका बाजूनं झिजले की संचाला शिव्या घालतात. विमावाल्यालाही कळवून ठेवा.

बसवायचं काम चिकलठाण्याकडच्या अन्वरभाईंच्या गॅरेजात केलं, कारण स्प्रिंग दाबायचं यंत्र माझ्याकडे नाही. बाकी मी टेप घेऊन शेजारी उभा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपरे मोजले. तिसऱ्यांदा मोजायला लागलो तेव्हा अन्वरभाई पाना खाली ठेवून म्हणाले, "साहब, काम मेरे से करा रहे, के मेरेकू सिखाने आये?" मी म्हटलं, दोन्ही. चहा त्यांनीच मागवला.

मग रोज सकाळी जालना रोडनं करमाडपर्यंत एकटा जाऊन यायचो. एक खटका इकडं, एक तिकडं. गाडी दोन बोटं खाली घेतली होती, वळणात अशी चिकटून जायची की मला स्वतःशीच हसू यायचं. शेवटी आठवड्याभरात माप जमलं. त्या मापावर माझा पूर्ण विश्वास होता.

जावळाच्या आदल्या दिवशी सकाळी हर्सूलमार्गे निघालो. या वाटेनं जाणाऱ्यांनी ऊन चढायच्या आत फुलंब्री मागं टाकावी, नंतर ट्रकांच्या मागं सरपटत बसावं लागतं. मोठा रस्ता आता बराच बरा आहे. त्रास असतो तो जिथं नवा रस्ता जुन्याला मिळतो तिथल्या कंगोऱ्यांचा आणि गावोगावच्या गतिरोधकांचा. मी प्रत्येक कंगोऱ्यावर रस्त्यापेक्षा मंगलच्या चेहऱ्याकडे जास्त बघत होतो. फुलंब्रीच्या पुढं न राहवून विचारलं, कसं वाटतंय.

"विचारू नका. दुखलं की सांगीन."

सिल्लोडला गरम मिरचीभजी आणि चहा घेतला. भजी घ्याच, पण सोबत पाणी आहे याची खात्री करून. मंगलनं बसस्टँडकडे एकदा पाहिलं आणि येऊन गाडीत बसली. मी गाडी सुरू केली. अजिंठ्याचा घाट उतरलो, फर्दापूरला डावीकडं वळलो. सोयगावला दारात गाडी थांबली तेव्हा ती दाराचा आधार न घेता खाली उतरली आणि सरळ चालत घरात गेली.

माझी छाती किती फुगली असेल ते तुम्हीच ओळखा. दत्ता, म्हणजे माझा मेहुणा, हात धुऊन येईपर्यंत मी बॉनेट उघडून ठेवलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, बटण स्वतः फिरवून बघितलं आणि म्हणाला, "दाजी, लई भारी. आमच्या ट्रॅक्टरला बसंल का?"

दुसऱ्या दिवशी जावळ झालं. पोरगं त्याच्या मामाच्या मांडीवर बसून असं रडलं की वस्तऱ्यापेक्षा न्हाव्याचा आवाज जास्त चालला. सासरचं घर पूर्वी मेंढरांवर चालायचं, आता कापूस आणि मका आहे. पण बोकडाच्या रश्श्याला अजूनही त्या घराचा हात आहे. बाजरीची भाकरी चुरून खाल्ली आणि लिंबाखाली तासभर आडवा झालो. उठलो तेव्हा डिकी भरलेली होती.

ज्वारीचं पोतं. तुरीच्या डाळीची गोणी. तुपाची किटली, केळीचा घड, शेंगदाणे, वर एक नवी कोरी घोंगडी. मागच्या सीटवर आणखी एक पोतं, त्यात काय ते मी विचारलंही नाही. गाडीची मागची बाजू बसलेल्या म्हशीसारखी दिसत होती. मी सासूबाईंना हळूच म्हटलं, मामी, एक पोतं राहू द्या, पुढच्या वेळी नेतो.

"आन लेकीला रिकामी लावून देऊ व्हय? एसटीत येती तवा बिचारीला काय नेता येत नाय. आता घरची गाडी हाय."

तरी मी टेप काढायला गेलो, तर दत्ता कुंपणावरून म्हणाला, "दाजी, नवे पाय लावले म्हणता आन पोत्याला भेता?" वस्तीवरचे पाचसहा जण हसले. मी टेप खिशात ठेवला आणि डिकी बंद केली.

फर्दापूरच्या अलीकडच्या एका गतिरोधकावर मागून धाड असा आवाज आला. शॉकअपची दबायची चाल संपून गाडी रबरी ठोकळ्यावर आदळली होती. मंगलचा हात कमरेवर गेला. फाट्यावर थांबवा, एवढंच म्हणाली.

फाट्यावर एसटीचा थांबा आहे. तिनं पर्स घेतली, सावकाश उतरली आणि थांब्याच्या कट्ट्यावर बसली. जळगावकडून येणारी गाडी थोड्या वेळात येते, असं एका म्हाताऱ्यानं सांगितलं. मी तिला म्हटलं, बस येईपर्यंत तरी मला वेळ दे. तिनं मान हलवली. हो का नाही, ते कळलं नाही.

पोती उतरवली. जॅक लावला, मागचं एक चाक काढलं, रिंगवरची धूळ पुसून ती आट्यांवरून वर चढवायला लागलो. हात चालत होते तसं डोकंही चालत होतं. मी चारही कोपरे मोजले, ते रिकाम्या गाडीचे. खटके मोजले, ते माझ्या एकट्याच्या वजनावर, ड्रायव्हरच्या सीटवर बसून. आमच्याकडं माहेराहून कोणी रिकामं येत नाही, हे लग्नापासून बघतोय. तरी मी गाडी फक्त जाण्यासाठी बसवली होती, येण्यासाठी नाही. ती दोन बोटं आता परत हवी होती, वर आणखी एक.

दुसरं चाक घालून नट आवळत होतो तोच बस आली. म्हातारा माझ्या ज्वारीच्या पोत्यावरून उठला. कंडक्टरनं दारातून विचारलं, "काका, इथंच गॅरेज टाकलं का?" आणि मग मंगलला, "येताय का ताई? जागा हाय."

मंगल उठली. माझ्याजवळ येऊन थांबली. "आता बरोबर झाली का?"

मला हो म्हणायचं होतं. बत्तीस वर्षं गाड्यांच्या बाबतीत मी हो किंवा नाहीच म्हणत आलोय. पण तिचा हात अजून कमरेवर होता.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मला माझ्याच सीटचं कळतं. तू बसनं जा. मी पोती घेऊन मागून येतो."

मी तिची पर्स उचलून बसकडं निघालो. ती जागची हलली नाही. कंडक्टरनं पुन्हा विचारलं, तेव्हा तिनं त्याला हातानंच जा म्हणून सांगितलं. बस गेली.

"मग मी सांगते," ती म्हणाली. "तुम्ही फिरवा."

घाटात जिथं जिथं गाडी लावायला रुंद जागा होती तिथं थांबलो. पुढचे खटके बॉनेट उघडलं की हाताशी येतात, या संचाची ती खरी सोय. मी एक खटका मऊ करायचो, जरा अंतर जायचो, ती सांगायची. अजून. अजून. एकदा म्हणाली, आता पाळण्यासारखं होतंय, एक मागं घ्या. अजिंठा गावात चहा प्यायलो, गोळेगावच्या पुढं शेवटचा खटका फिरवला. घोंगडीची घडी तिनं पाठीमागं घेतली. सिल्लोडला तिचा डोळा लागला. गतिरोधक आला तर मी श्वास धरायचो, आणि ती झोपलेलीच असायची.

घरी पोचायला दुप्पट वेळ लागला. ती उतरली, हातानं दार धरूनच उतरली. पायरीवर बसली. मी पोत्यांना हात लावला नाही, आधी निकाल हवा होता.

"दुखतंय," ती म्हणाली. मी मान खाली घातली. "पण ते त्या धाडचं. नंतरचं काही नाही." मग म्हणाली, "दिवाळीला जाऊ. फक्त निघताना आईसमोर टेप काढायला लाजू नका."

गाडी विकली नाही. त्या संचाची किंमत वसूल झाली का, असं लोक विचारतात. मी सांगतो की बदलता येणारा संच घेतलात तर बदलायची तयारीही ठेवा, आणि मापं घेताना त्या सीटवर तोच माणूस बसवा जो रोज बसणार आहे.

परवा एकटाच दौलताबादकडं गेलो होतो. पुढची बाजू मऊ केल्यामुळं वळणात गाडी अशी झुकली की मागच्या बाइकवाल्यानं हॉर्न दिला. पूर्वी मी तिथंच थांबून बॉनेट उघडलं असतं. वेग कमी केला आणि खटके मंगलनं ठरवले तिथंच ठेवले.