मैनाची नजर आणि भागुबाईचा घेवडा

भागुबाईच्या घेवड्याला मैनाची नजर लागते, हे अंबडच्या शिवेवरच्या मळ्यांत पहिल्यांदा कोण बोललं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. असल्या गोष्टी कुणी ठरवत नाही, सगळे नुसत्या माना डोलावतात. झालं होतं एवढंच, की मैनाचा नवरा गोटीराम अंबडच्या एका कंपनीत पेंट शॉपला, म्हणजे रंग मारायच्या खात्यात होता आणि मैना रोज दुपारी त्याचा डबा घेऊन भागुबाईच्या बांधावरून जायची. जाता जाता पिकाकडे बघायची. मळ्यात वाढलेली बाई पिकाकडे नाही तर कशाकडे बघणार?

२००३ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाला घेवड्याच्या पानांवर तांबूस ठिपके उठले. पानं करपून गळायला लागली. भागुबाईनं करप्यावरची औषधं मारून पाहिली, काही फरक पडेना. मग तिला आठवलं, की परवाच दुपारी मैना बांधावर थांबून म्हणाली होती, "काय गं बाई घेवडा आलाय!"

त्यात मैनाला मूलबाळ नव्हतं. लग्नाला नऊ-दहा वर्षं होऊन गेलेली. अशा बाईनं कशाचं कौतुक करू नये, हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण पाळायला लावतात सगळे. मैनाच्या स्वतःच्या वाफ्यातली पानंही तशीच करपत होती, तर त्यावर उत्तर तयार होतं: नजर घरचं-दारचं बघत नाही. आता याच्यापुढे कुणी काय बोलावं?

सगळ्यात वाईट म्हणजे मैनालाही ते खरं वाटायला लागलं. ती डोक्यावरचा पदर डोळ्यांवर ओढून, पायाच्या अंगठ्याकडे बघत बांध ओलांडू लागली. त्याच महिन्यात तिची धाकटी जाऊ सविता बाळंत झाली. एकाच घरात, मधे फक्त एक भिंत. मुलगी झाली, गोरीपान, डोक्यावर दाट जावळ. हे सगळं मैनाला दुसऱ्यांच्या बोलण्यावरून कळलं, कारण बाळाकडे तिनं धड बघितलंच नव्हतं. सविता म्हणायची, "ताई, घ्या की जरा." मैना म्हणायची, "हात ओले हायेत गं." हात दिवसभर ओलेच. बारशालाही ती चुलीपुढून उठली नाही. पुढे पुढे सविताही म्हणायची बंद झाली, आणि ते मैनाला फार लागलं.

अशात शेतकी कॉलेजातला ज्ञानेश नावाचा विद्यार्थी आला. विहिरीवर वीज होती म्हणून त्यानं गोटीरामच्या मळ्यात वरून उघडी अशी प्लास्टिकची दोन गोल घरं उभी केली. दोन्हींत घेवडा लावला. एकात पंख्यानं साधी हवा सोडली, दुसऱ्यात कोळशातून गाळलेली.

"कशाचा अभ्यास म्हणायचा हा?" गोटीरामनं विचारलं.

"हवेतल्या सेंद्रिय संयुगांचा."

"सेंद्रिय? मग चांगलंच हाय की! आम्ही शेणखत टाकतो ते सेंद्रियच."

ज्ञानेशला हसू आलं. "काका, ते शेतीतलं सेंद्रिय. रसायनशास्त्रात कार्बनच्या संयुगांना सेंद्रिय म्हणतात. तुम्ही रंगात मिसळता ते थिनर सेंद्रिय, पेट्रोलची वाफ सेंद्रिय. वास उडाला म्हणजे संपला असं आपल्याला वाटतं, पण तो जातो कुठं? हवेतच राहतो. त्यात गाड्यांचा, कारखान्यांचा धूर मिसळतो, वरून ऊन लागतं आणि ओझोन तयार होतो. दुपारी सगळ्यात जास्त. तो पानं जाळतो."

"अहो, ओझोन तर वाचवायचा असतोय ना? शाळेच्या भिंतीवर लिहिलंय."

"वर आभाळात असतो तो आपलं रक्षण करतो. इथं जमिनीलगत तयार होतो तो पिकाला बाधतो."

गोटीरामला सेंद्रियाचं हे दुसरं रूप काही झेपलं नाही. पण कांद्याच्या वाफ्यात वाकलेल्या मैनानं त्यातला एकच शब्द उचलला: दुपारी.

मैना भोळी असेल, पण ऐकलं आणि मानलं अशातली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून डबा देऊन परत आली, की ती गाळलेल्या हवेच्या घेवड्यापुढे जाऊन उभी राहायची. पदर मागे सारायची आणि डोळे भरून बघायची. मोठ्यानं म्हणायची, "काय गं बाई पानं! काय गं बाई शेंगा!" एवढ्यानं नजर लागली नाही तर, म्हणून तिथं उभं राहून ती मुद्दाम सविताच्या बाळाचा विचार करायची, हेवा वाटेपर्यंत. शेजारच्या घरातल्या घेवड्याकडे मात्र ती चुकूनही बघत नव्हती.

न बघितलेला घेवडा करपला. बघितलेला हिरवागार राहून शेंगांनी वाकला.

मैना तिथंच बसून रडली. पीक चांगलं आलं म्हणून रडणारी बाई ज्ञानेशनं आयुष्यात पाहिली नव्हती. तो घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन आला.

मग मैना भागुबाईला हाताला धरून घेऊन आली. भागुबाईनं दोन्ही घेवडे बघितले, ज्ञानेशचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे तुझी नजर नाय, तुझ्या नवऱ्याचं थिनर. शेवटी घर तेच की गं!"

मागं उभ्या असलेल्या गोटीरामनं मान खाली घातली. मैनानं मात्र नाही घातली.

"भागुकाकू, त्यात एकट्या ह्यांचं थिनर नाय. तुमच्या पोराची मोटरसायकल बी हाय, रस्त्यावरचे ट्रक बी हायेत. सगळ्यांनी मिळून करपवला, आन् खापर तेवढं माझ्या डोळ्यांवर फोडलं."

भागुबाई काहीतरी पुटपुटत निघून गेली. तिची समजूत पटली की नाही, देव जाणे. माना डोलावणाऱ्यांनी पुढेही माना डोलावल्याच.

मैना तिथून तडक घरात गेली. सविता बाळाला न्हाऊ घालून तीट लावायला बसली होती, बोटावर काजळ घेतलेलं.

"सविता, बाळाला दे," मैना तिच्यापुढे बसत म्हणाली. हात कोरडे होते. पण सविताच्या बोटावरचं काजळ दिसलं आणि तिचा आवाज खाली आला. "आधी तीट लाव हवं तर. मी थांबते."

सवितानं तीट न लावताच बाळ उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. मग काजळाचं बोट मैनाच्या गालावर टेकवलं.

"ताई, नजर तुम्हाला लागलीय. लय लोकांची."