घोरतायत, झोपू द्या

मी मुळातच फटकळ. घरात, शाळेत वर्गावर, भाजीवाल्यासमोर, कुठेही माझं तोंड गप्प राहत नाही. आमचे हे अगदी उलट, शांत. भांडण झालं तर एकटी मीच भांडायचे.

अंबाडीला थोरल्या नणंदेच्या नातीचं बारसं उरकून आम्ही दोघं भरदुपारी स्कूटरवरून भिवंडीला परतत होतो. हे हळूच चालवत होते. खड्डा चुकवायला गेले, चाक खडीवरून सरकलं आणि दोघंही पडलो. मी गवतात पडले, गुडघा तेवढा सोलला. ह्यांचं डोकं कडेच्या दगडावर आपटलं. हेल्मेट आमच्याकडे नव्हतंच. तेव्हा घालत होतं कोण?

लोक धावत आले. तिकडच्या लोकांना माणुसकी नाही असं कोणी म्हटलं तर मी आजही भांडेन. एकाने पाणी आणलं, एकाने कांदा फोडून नाकाशी धरला. एक म्हातारी म्हणाली, "चप्पल हुंगवा, फिट हाय." मी तिच्यावर खेकसले, "फिट नाही हो, डोकं आपटलंय." प्रत्येकाला काहीतरी करायचं होतं आणि काय करायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. अँब्युलन्सला फोन कुठे लावायचा, हेसुद्धा नाही.

मग सुताच्या गोण्या भरलेला एक टेम्पो थांबला. चौघांनी ह्यांना उचलून गोण्यांवर उताणं ठेवलं. मी शेजारी बसले आणि नणंदेने दिलेली कोरी साडी घडीसकट ह्यांच्या डोक्याखाली उशीसारखी सारली. हनुवटी छातीला टेकली. मला बरं वाटलं, निदान डोक्याखाली मऊ तरी आहे.

थोडं पुढे गेल्यावर हे घोरायला लागले. चांगले मोठ्याने, घरच्यासारखे. माझ्या जिवात जीव आला. एकोणीस वर्षं ऐकलेला आवाज तो, मला दुसरं काय वाटणार? ड्रायव्हरने मागच्या जाळीतून विचारलं, "भाभी, होश आया क्या?"

"नींद लगी है," मी म्हटलं. "धीरे चलाओ, झटके लगते हैं."

तो बिचारा जीव तोडून टेम्पो पळवत होता. माझ्या सांगण्यावरून त्याने वेग कमी केला. मी पदराने माश्या वारत बसले. भिवंडी जवळ आली तसं घोरणं तुटक झालं, मग थांबलं. आता गाढ झोप लागली, असं मी स्वतःला सांगितलं.

हॉस्पिटलात ह्यांना धावतच आत नेलं, घशात नळी घातली. बऱ्याच वेळाने एक तरुण डॉक्टर बाहेर आला. "घोरल्यासारखा आवाज किती वेळ येत होता?"

"अर्धा तास तरी," मी जवळजवळ कौतुकानेच सांगितलं.

तो बाकावर माझ्या शेजारी टेकला. "बाई, ती झोप नव्हती. शुद्ध गेल्यावर जीभ मागे पडते, श्वास अडतो. मान सरळ धरून कुशीवर वळवलं असतं तर हवा आत गेली असती."

"मग वाचले असते?"

"मार मोठा होता. सांगता येत नाही."

खोटं बोलून धीर द्यायला तो अजून शिकला नव्हता. चौथ्या दिवशी हे गेले.

लोक समजूत घालतात, तुम्ही काय डॉक्टर होतात, तुम्हाला कसं कळणार? मला ह्या समजुतीचा संताप येतो. जिभेचं मला ठाऊक नव्हतं, कबूल. पण कुशीवर वळवायला मला कोणी शिकवायला नको होतं. लग्न झाल्यापासून ह्यांच्या घोरण्याने माझी झोप मोडायची आणि मी वैतागून, तोंडाने बडबडत, खांद्याला धरून ह्यांना कुशीवर ढकलायचे. लगेच आवाज बंद. एकोणीस वर्षांत एक रात्र चुकवली नाही. त्या दुपारी मात्र मला ह्यांची माया आली, झोपमोड करावीशी वाटली नाही.