मोठ्या मावशीची उचकी

आमची मोठी मावशी बोलते तेव्हा तिच्या ओठांत टाचण्या असतात. त्यामुळे तिची नक्कल करायची तर आधी दात आवळायचे आणि मग शब्द फटीतून सोडायचे : "पोट आत घेऊ नका हो. पँट तुम्हाला घालायचीय, मला फसवायचं नाहीये!" कपडे उसवून सैल-घट्ट करून देण्याचं तिचं दुकान आहे. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की मला शिलाई मशिनवर चढून बसावं लागतं. तिथे बसून मी गिऱ्हाइकांचे आवाज गोळा करते. बाबांची शिंक, मुख्याध्यापिकांचं खाकरणं, शेजारच्या दंतवैद्याचं "अज्जिबात दुखणार नाही हं", सगळं येतं मला. मावशीची ती उचकी तेवढी येत नाही.

ती उचकी तुम्हीसुद्धा ऐकली असणार. जुन्या काळचे संगीतकार मास्तर, त्यांच्या त्या रुसव्याच्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्यं एकदम गप्प होतात, त्या शांततेत एक बारीकशी 'हिक्' येते आणि मग ढोलकी सुटते. मास्तर गेले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, पण अजून ते गाणं लागलं की बस ड्रायव्हरसुद्धा त्या जागी उचकी देतो. आणि मावशीचं म्हणणं, ती उचकी तिची!

विशीत ती मास्तरांच्या कोरसमध्ये गायची. त्यांच्या धाकानं तिला भर तालमीत उचकी लागली. आता आपली गच्छंती, असं वाटून ती चप्पल शोधायला लागली, तर मास्तर म्हणाले, "जागा छान सापडली. ठेवू या." पण तबकडीवर कोरसवाल्यांची नावं कोण छापतंय? तेव्हापासून घरातले म्हणतात, "हो हो, आणि ढोलकीपण तूच वाजवलीस!"

यंदा मास्तरांच्या आठवणीत त्यांच्या गाण्यांचा कार्यक्रम ठरला. मावशीनं ओठांतल्या सगळ्या टाचण्या काढून मशिनवरच्या इवल्या उशीत खोचल्या, म्हणजे प्रकरण गंभीर. "एकदाच," ती म्हणाली, "फक्त एकदा ती उचकी माझ्या तोंडून लोकांना ऐकू गेली पाहिजे. माझी म्हणून."

कार्यक्रमाचे सर्वेसर्वा अकॉर्डियनवाले काका. दर वाक्याआधी ते भाता ओढल्यासारखा श्वास घेतात. "हूंऽऽ बाई, उचकी आमची गायिका देते. हूंऽऽ पण तुमची म्हणताय, तर द्या बघू!"

वाद्यं वाजली. थांबली. मावशीनं तोंड उघडलं. काही नाही. शेवटी ती "हिक" असं म्हणाली. म्हणाली हो, धडा वाचून दाखवावा तसं! ढोलकीवाला हसून हसून ढोलकीवर आडवा.

"हूंऽऽ कार्यक्रमाच्या सकाळी पुन्हा तालीम आहे," काका म्हणाले. "आली तर आली. नाहीतर गायिका आहेच."

झालं, घरात मोहीम सुरू! उचकी घालवायचे उपाय सगळं जग सांगतं, आणायचा एक कुणी सांगेल तर शपथ. तिला सुका पाव कोंबला, सोडा पाजला. आईनं दाराआडून 'भॉ' केलं, तर मावशीनं तिलाच झापलं. बाबा म्हणाले, "आठवण काढली की उचकी लागते ना? मग काढू या." आम्ही तिघं तिच्यासमोर डोळे मिटून बसलो आणि जीव तोडून तिची आठवण काढली. तिला ढेकर आला.

"पण मावशी, एकदा आली ते ठीक. नंतर रेकॉर्डिंगला दर वेळी नेमकी तिथेच कशी गं यायची?" मी विचारलं.

मावशी चक्क लाजली. "वाद्यं थांबायच्या जरा आधी मास्तर मागून येऊन कानाशी बोलायचे. की आलीच."

मग अडलंय कुठे? मास्तर नसतील, मी आहे ना! मी छाती फुगवून गरजले, "ए पोरी! सूर कुठाय?"

"छे! ओरडणाऱ्याला कोण भितं? ते अगदी हळू, अहो-जाहो करून बोलायचे. 'बाई, आपण चुकलात. असू द्या, आम्ही सवय करून घेऊ.'"

बाप रे! ऐकून मलाच घाम फुटला. मास्तरांची रेडिओवरची एक जुनी मुलाखत मिळवली आणि कान लावून बसले. आवाज मऊ, पण वाक्याच्या शेवटी गारेगार हसू. ते हसूच जमेना. आंघोळ करताना, जिना उतरताना, दिसेल त्याला मी "आपण चुकलात" म्हणत सुटले. दंतवैद्य दोन दिवस बोलले नाहीत.

सकाळच्या तालमीला मी मावशीच्या पाठीमागे उभी. ढोलकी भरात आली, तशी मी तिच्या कानाशी वाकले. "बाई, आपण चुकलात. असू द्या..."

मावशी ताठ झाली. वाद्यं थांबली.

"हिक्!"

काकांचा श्वास आतच राहिला. "ही तर तीच!" ते म्हणाले, पहिल्यांदाच हूंऽऽशिवाय.

संध्याकाळी भरलेल्या सभागृहात मी पुन्हा तिच्या कानाशी वाकले आणि उचकी तश्शीच आली. गाणं संपल्यावर काकांनी माईक ओढला. "हूंऽऽ मंडळी, ती उचकी मूळची यांचीच आहे. पहिल्या तबकडीपासून!" लोक उभे राहिले. बाबा तर खुर्चीवर.

पण उचकी थांबेचना! पुढचं गाणं विरहाचं. गायिका डोळ्यांत पाणी आणून गातेय आणि मध्येच 'हिक्'. तीही तालात! गायिकेला हसू आवरेना, लोक रुमाल तोंडात कोंबतायत. मी पाणी घेऊन धावले, तर मावशी म्हणते, "लोक आठवण मास्तरांची काढतायत आणि, हिक्, लागतेय मला!"

घरी चालत येताना उचकी आपोआप थांबली. थोडं पुढे गेल्यावर मावशी म्हणाली, "ए, ते परत म्हण ना."

मी आवाज मऊ केला. "बाई, आपण चुकलात."

उचकी आली नाही. मावशीनं पदर सारखा केला आणि विशीतल्या मुलीच्या आवाजात म्हणाली, "हो मास्तर. पुन्हा घेऊ या?"

तो आवाज मात्र मला अजून जमलेला नाही.