आईच्या ओव्यांवर लेकाचा पंक

मंडळी, मी सांगते, नात टाइप करते.

आज निपाणीच्या घरी माळ्यावर माझ्या लेकाच्या बँडची जुनी कॅसेट सापडली. ऐंशीच्या सालात चार पोरं आमच्या सोप्यात बोंबलायची. त्याला पंक म्हणायचं म्हणं.

लेक आता साठीचा. हरखून कॅसेट लावली.

"बाळू, कुणी मेलंय काय रं त्यात?" मी विचारलं. नात लोळून हसली.

मग कॅसेट हातात घेतली. तिच्यावर कुंकवाचं बोट! मला अक्षर येत न्हाय, म्हणून माझ्या आईच्या ओव्यांच्या कॅसेटवर मीच ती खूण केलेली. कुणी वरनं दुसरं भरू नये म्हणून मागची पट्टीही मोडलेली. त्या भोकावर आता विडीच्या बंडलाचं लेबल चिकटवलेलं.

"ओलीनं खराब झाली म्हणलास न्हवं?"

"आई, दुसरी कॅसेट नव्हती गं."

माझ्या आईचा आवाज तेवढाच उरला होता.

"मग शोध. कुठंतरी राहिली असंल तुझी आज्जी."

दुपारपासून टेपला कान लावून स्वतःचंच बोंबलणं ऐकत बसलाय. जेवला न्हाय. त्यात काही उरलेलं नसणार, हे मला ठाऊक हाय.

तुम्हीच सांगा, उठवू का बसू देऊ?